हळदीतलं शिसं: एक्सआरएफवर आधी बॅकग्राउंड पाडा

एक्सआरएफ यंत्र नमुन्यावर क्ष-किरण मारतं आणि परत येणाऱ्या किरणांतल्या ठरावीक ऊर्जांवरून, म्हणजे रेषांवरून, मूलद्रव्य ओळखतं. हळदीत शिशाची कायदेशीर मर्यादा १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग). त्याच्या बऱ्याच खालचं शिसं खात्रीने दिसायला हवं, म्हणून नवखी मंडळी मोजणीचा वेळ वाढवतात. पण वेळ चौपट केला तरी शोधमर्यादा, म्हणजे खात्रीने दिसणारं कमीत कमी प्रमाण, जेमतेम निम्मी होते. १०० सेकंदांचे ४०० केलेत. आणखी निम्मी हवी तर १६०० करा! सांगलीत हंगामात नमुन्यांचा ढीग पडतो, तेव्हा ही चैन परवडत नाही. मी आधी बॅकग्राउंड, म्हणजे रेषांखालचा नको असलेला सिग्नल, पाडते.

हळदीसारखा हलका, सेंद्रिय नमुना क्ष-किरण ट्यूबचे किरण भरपूर विखुरतो आणि ते शिशाच्या रेषांखाली साचतात. ऱ्होडियमची ट्यूब असेल तर ५० किलोव्होल्टवर चांदीचा फिल्टर लावा. १० ते १५ केईव्हीचा (किरणांच्या ऊर्जेचं एकक) पट्टा बराच गाळला जातो, ऱ्होडियमची २०.२ ची रेषा मात्र पुरेशी पार होते, आणि शिशाला उत्तेजित करायला ती छान चालते. काउंट घटतात ते करंट वाढवून भरून काढा. डेड टाइमवर, म्हणजे डिटेक्टर आधीचा किरण मोजण्यात गुंतून नवे चुकवतो त्या वेळेवर, नजर असू द्या.

रेष कुठली घ्यायची? शिशाची एल-आल्फा १०.५५ वर, आर्सेनिकची के-आल्फा १०.५४ वर. त्यांना वेगळं करणं डिटेक्टरच्या बापालाही जमायचं नाही. म्हणून १२.६१ ची एल-बीटा. तिच्या डावीकडे ब्रोमीन, उजवीकडे रुबिडियम असतं. शिखरं वेगळी काढणाऱ्या गणिती फिटमध्ये दोघांनाही घ्या.

खरी गंमत तयारीत आहे. पितळी चाळणी वापरू नका, पितळेतच शिसं असतं, नायलॉनची घ्या. दळायला अगेट दगडाचा खल, कारण स्टीलमधून क्रोमियम उतरतं. हळद चांगली दाबली की बहुधा बाइंडरशिवाय (चिकटवणाऱ्या पुडीशिवाय) पेलेट, म्हणजे घट्ट चकती, बसते, आणि बाइंडर नसला की नमुना पातळ होत नाही. ३२ मिमीच्या डायमध्ये (दाबायच्या साच्यात) ५ ग्रॅम घेतली तर २० केईव्हीचे किरण आरपार जातात. म्हणून स्टँडर्ड आणि नमुना, दोन्हींचं वजन तंतोतंत सारखं ठेवा आणि शिशाचे काउंट कॉम्प्टनच्या शिखराने, म्हणजे नमुन्याने थोडी ऊर्जा घटवून विखुरलेल्या ट्यूबच्या किरणांच्या शिखराने, भागा.

शोधमर्यादा कंपनीच्या माहितीपत्रकातून उचलू नका. शिसं नसलेल्या सेल्युलोजची पेलेट दहादा मोजा, प्रमाण विचलनाची तिप्पट घ्या.

शिसं चढलेलं दिसलं तर फिल्टर काढून, व्होल्टेज उतरवून ५.४१ वर क्रोमियमही बघा. शिसं आणि क्रोमियम वजनाने साधारण चारास एक निघाले, तर लेड क्रोमेट या, दोन्ही असलेल्या भेसळीच्या पिवळ्या रंगाचा दाट संशय.