फोनच्या कॅमेऱ्याने वस्तू ओळखताय? या चुका टाळा

रस्त्यावरचं झाड असो, फोर्टमधली जुनी इमारत असो नाहीतर दुकानातला डबा, फोन समोर धरला की माहिती हजर होते. हे काम करणारं गुगल लेन्स 2017 साली आलं आणि आता बऱ्याच अँड्रॉइड फोनवर स्क्रीनवरच्या वस्तूभोवती बोटाने गोल काढला तरी काम होतं. आयफोनवर गुगलच्या अ‍ॅपमध्ये तीच सोय आहे. सोय खरंच मोठी आहे, आणि सगळ्यांनी ती वापरावी असं मला मनापासून वाटतं. फक्त उत्तर कसं तयार होतं ते लक्षात ठेवा. फोन समोरच्या वस्तूसारखे दिसणारे फोटो शोधतो आणि त्यातल्या सर्वांत जवळच्याचं नाव सांगतो. नुसतं कुतूहल असेल तर तेवढं पुरे. पण ती वस्तू खायची असेल, हातात घ्यायची असेल किंवा तिच्यासाठी पैसे मोजायचे असतील, तर तेवढ्यावर जाऊ नका.

उत्तरं भलतीच येतात

आधी कॅमेऱ्याची काच पुसा. पावसाळ्यात लोकलच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर तिच्यावर घाम, पाणी आणि बोटांचे ठसे असतातच. मग चौकट ओढून नेमकी हवी तेवढीच वस्तू निवडा. झाडाऐवजी खरेदीच्या लिंक येत असतील तर फोटोसोबत "हे कोणतं झाड आहे" असं लिहून शोधा, लेन्समध्ये तशी सोय आहे.

इमारतींच्या बाबतीत लोक नेमकं नको ते करतात, अगदी जवळ जाऊन एखाद्या कोरीवकामाचा फोटो घेतात. सीएसएमटी आणि समोरची महापालिकेची इमारत, दोन्हींचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. दोन्हींवर कमानी, घुमट, दगडी नक्षी. नुसती कमान दाखवून फोन कुठलं नाव सांगेल याचा नेम नाही. रस्त्याच्या पलीकडून, घुमटासकट पूर्ण दर्शनी भाग घ्या.

फक्त पानाचा फोटो

मे महिन्यात गुलमोहर लाल आणि सोनमोहर पिवळा असतो तेव्हा कुणीही ओळखेल. फुलं गेल्यावर मात्र दोघांचीही पानं बारीक, पिसासारखी, आणि इथेच अ‍ॅप फसतं. खाली पडलेली शेंग उचला. गुलमोहराची शेंग हातभर लांब, चपटी, लाकडासारखी कडक. सोनमोहराची बोटाएवढी आणि तांबूस गंजाच्या रंगाची. पान, शेंग, खोडाची साल आणि पूर्ण झाड असे वेगवेगळे फोटो द्या, उत्तर लगेच सुधारतं.

आयनॅचरलिस्टसारखं अ‍ॅप यासाठी जास्त भरवशाचं, कारण तिथे फोटो पाहून जाणकार माणसंही नाव सुचवतात. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो तिथे टाकू नका. त्यातली जागेची नोंद निघून गेलेली असते, आणि मुंबईतलं झाड आहे की केरळातलं हे कळलं नाही तर ओळख अर्धीच राहते.

खाण्याच्या गोष्टी कॅमेऱ्यावर सोडू नका

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते. पाऊस सुरू झाला की दादरच्या बाजारात रानभाज्या येतात. त्यातली शेवळं घ्या. ती सुरणाच्या कुळातली. कॅमेऱ्याने तेवढं बरोबर सांगितलं तरी जे कळायला हवं ते राहूनच जातं: शेवळं नीट साफ करून, काकडं नावाची आंबट रानफळं किंवा चिंचेसारखं आंबट घालून शिजवली नाहीत तर घसा भयंकर खाजतो. विकणाऱ्या मावशी वाट्यासोबत बहुतेक वेळा काकडं देतातच. "मावशी, यातलं काय काढायचं आणि काय ठेवायचं?" एवढं विचारा, त्या हातात घेऊन दाखवतात. आणि रानात उगवलेली अळिंबी कुठल्याही अ‍ॅपच्या भरवशावर तोंडात घालू नका. विषारी आणि खाण्याजोगी यांतला फरक पुष्कळदा फोटोत दिसतच नाही.

सापांचंही तसंच. बिनविषारी कवड्या आणि जहाल विषारी मण्यार, दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे. आरे, मुलुंड, बोरिवलीकडच्या सोसायट्यांमध्ये साप निघाला की लोक जवळ जाऊन फोटो घेतात, अ‍ॅप "बिनविषारी" म्हणालं की काठीने उचलायला जातात. असं करू नका. लांब थांबा, सापावर नजर ठेवा, वनविभागाच्या 1926 वर फोन करा. दंश झाला असेल तर ओळख पटवण्यात एक मिनिटही घालवू नका. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारं एकच असतं आणि डॉक्टर लक्षणं पाहून उपचार सुरू करतात. सरळ 108 ला फोन करा, मोठं रुग्णालय गाठा.

फोटोऐवजी नंबर तपासा

घरातल्या ज्येष्ठांच्या डबीत सुटी गोळी सापडते आणि कुणीतरी तिचा फोटो काढून नाव शोधतं. पांढऱ्या गोल गोळ्या शेकड्यांनी आहेत. ती गोळी बाजूला ठेवा आणि केमिस्टला विचारा. 1 ऑगस्ट 2023 पासून ठरावीक 300 औषध-ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की औषधाचं मूळ नाव, उत्पादक, बॅच नंबर आणि एक्स्पायरी दिसायला हवी. म्हणून स्ट्रिप कापून घेताना कोड आणि तारखेचा भाग आपल्याकडे येईल असं बघा.

झवेरी बाजारात दागिन्याचा फोटो काढून "असली की नकली" शोधण्यात काही अर्थ नाही. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या सोन्यावर तो लागतोच. कॅमेरा झूम करून तो वाचा आणि बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. अ‍ॅप शुद्धता दाखवतं, दागिन्याचा प्रकारही दाखवतं. हातात बांगडी आणि अ‍ॅपवर अंगठी असं दिसलं तर बिल करू नका. नंबर सापडत नसेल तर आधी शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल करून पाहा.

बारकोडबद्दलही एक गैरसमज घट्ट बसलाय. 890 ने सुरुवात म्हणजे वस्तू भारतात बनली, असं लोक छातीठोकपणे सांगतात. त्या आकड्यांवरून एवढंच कळतं की कंपनीने नंबर जीएस1 इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय. वस्तू कुठे बनली ते वेष्टनावर छापलेलं असतं, तेच वाचा.

क्यूआर कोड

खांबावर, एटीएमच्या दारावर किंवा गाडीच्या काचेवर चिकटवलेला कोड स्कॅन करायचा मोह आवरा. दुकानात स्कॅन केल्यावर आलेलं नाव मोठ्याने वाचून दुकानदाराकडून खात्री करून घ्या, कारण मूळ कोडवर दुसरा स्टिकर चिकटवण्याचे प्रकार होतात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. कुणी "स्कॅन करा, पैसे जमा होतील" म्हणत असेल तर तिथेच फोन ठेवा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, तडक 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.