परदेशी ट्रस्टकडे प्रपोजल पाठवताना: ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थांना

मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत हिशेब आणि प्रपोजल दोन्ही बघते. आमचं काम ऊसतोड कामगारांच्या मुलांसोबत आहे. आई-वडील कारखान्यावर गेले की ही मुलं गावातच राहावीत, त्यांची शाळा सुटू नये, एवढं आम्ही बघतो. शेजारच्या तालुक्यांतले कार्यकर्ते सारखे विचारतात, "ताई, बाहेरचा फंड आपल्याला मिळेल का?" मिळू शकतो. इंग्लंड-अमेरिकेत असे बरेच ट्रस्ट आहेत, जे दुसऱ्या देशांतल्या अडचणीतल्या मुलांसाठी आणि तरुणांसाठी अनुदान देतात. पण प्रपोजल लिहायला बसण्याआधी बरंच काही करून ठेवावं लागतं. आधी तेच सांगते.

एफसीआरए नसेल तर

परदेशातून देणगी घ्यायची तर २०१० च्या विदेशी अंशदान विनियमन कायद्याखाली, म्हणजे आपण ज्याला एफसीआरए म्हणतो त्याखाली, केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. नोंदणी ५ वर्षांची असते, मग नूतनीकरण. एवढा खर्च झालेला नसेल तर पूर्वपरवानगीची वाट आहे. ती एका ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक रकमेसाठी, ठरावीक कामापुरती मिळते आणि देणगीदाराचं पैसे देण्याचं लेखी पत्र अर्जाला जोडावं लागतं. म्हणून फंडरशी पहिल्यांदा बोलतानाच विचारा, "परवानगी मिळाल्यावर पैसे देऊ, असं पत्र तुम्ही आधी देऊ शकाल का?" भारतात काम केलेल्या फंडरला हा प्रश्न नवा नसतो.

पैसे कुठल्याही बँकेत येऊन चालत नाहीत. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच जमा व्हावी लागते. तिथून ती तुमच्या गावाकडच्या एफसीआरएसाठी उघडलेल्या खात्यात आणता येते. त्या खात्यात स्थानिक देणगीचा एक रुपयाही मिसळायचा नाही. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी घातली. पूर्वी मोठी संस्था पैसे घ्यायची आणि आपल्यासारख्या छोट्या संस्थांना वाटून द्यायची, ते आता बंद आहे. कोणी अजूनही तसं सुचवलं तर नाही म्हणा.

नातेवाइकांच्या देणगीबद्दल नेहमी गोंधळ होतो. अमेरिकेत नोकरीला असलेल्या आपल्या गावच्या मुलाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असूनही ती परदेशी देणगी ठरते. पासपोर्टची प्रत मागून घ्या, लाजू नका.

आता धर्मादाय आयुक्तांकडचे कागद. बहुतेक छोट्या संस्थांचं घोडं इथेच अडतं. जुने विश्वस्त गेले, नवे आले, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, तसाच पडून. शेड्यूल वनच्या, म्हणजे तिथल्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर एकांची नावं आणि ठरावावर सह्या दुसऱ्यांच्याच. परदेशातला फंडर हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचतो, आणि गृह मंत्रालयही वाचतं. हे मिटायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यात आधी याच्याच मागे लागा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, आयकर विभागाची करसवलतीची प्रमाणपत्रं (ज्यांना १२ ए आणि ८० जी म्हणतात) आणि ३ वर्षांचे ऑडिट रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून ठेवा.

फंडर शोधताना त्यांचे हिशेब वाचा

फंडरची वेबसाइट छान असते, पण खरी माहिती त्यांच्या हिशेबात असते. इंग्लंड आणि वेल्समधल्या ट्रस्टचे वार्षिक अहवाल तिथल्या चॅरिटी कमिशनच्या रजिस्टरवर फुकट वाचायला मिळतात. अमेरिकेतल्या खाजगी फाउंडेशनना दरवर्षी ९९०-पीएफ नावाचं विवरणपत्र भरावं लागतं. त्यात कोणत्या संस्थेला किती रक्कम दिली याची यादी असते आणि तेही सगळ्यांना खुलं असतं. मी आधी तीन गोष्टी बघते: ते भारतात पैसे देतात का, एका संस्थेला साधारण किती देतात, आणि थेट परदेशी संस्थेला देतात की आपल्या देशात नोंदलेल्या संस्थेमार्फत. शेवटचं बघायचं राहून जातं आणि पंधरा पानं लिहून झाल्यावर कळतं की त्यांना ब्रिटनमध्ये नोंदलेली संस्थाच हवी होती. स्वतःहून आलेले अर्ज घेत नाही, असं लिहिलेलं असेल तर तिथे वेळ घालवू नका.

परदेशातल्या मराठी मंडळींच्या संस्थाही बघा. अमेरिकेतलं महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून आहे. तिथे तुमचा तालुका नकाशावर दाखवत बसावं लागत नाही. पैसे मात्र अमेरिकेतूनच येतात, त्यामुळे एफसीआरए तिथेही लागतंच.

हंगाम आणि अनुदानाचं वर्ष

आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येतात. छोट्या ट्रस्टच्या विश्वस्तांची बैठक मात्र वर्षातून दोन-तीनदाच होते. अर्ज, चौकशी, मंजुरी, करारपत्र, मग दिल्लीच्या खात्यात पैसे, असं करत अर्ध्याहून जास्त वर्ष सहज जातं. जुलैत अर्ज केला तर पैसे जानेवारीत येतील, आणि तोवर मुलं उसाच्या फडात पोचलेली असतील. येत्या हंगामासाठी अर्ज आधीच्या हिवाळ्यात गेला पाहिजे. अनुदान १ सप्टेंबरपासून सुरू व्हावं असं स्पष्ट मागा आणि कारण लिहा: ऑगस्टपर्यंत मुकादमाची उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) घेऊन झालेली असते, आणि मुलाला मागे ठेवायचं की बरोबर न्यायचं हे घरात त्यानंतरच्या दिवसांत ठरतं. आमचं खरं काम तेव्हाच असतं, घरोघरी जाऊन बोलण्याचं.

प्रपोजलमध्ये एका मुलाचं वर्ष लिहा

"ऊसतोड कामगारांची मुलं शिक्षणाच्या प्रवाहापासून वंचित असून त्यांच्या सर्वांगीण विकासासाठी संस्था कटिबद्ध आहे." असं वाक्य तुमच्या प्रपोजलमध्ये असेल तर खोडून टाका. लंडनमध्ये बसलेल्या माणसाला त्यातून काहीच दिसत नाही. त्याऐवजी असं लिहा: सहावीतली मुलगी. आई-वडिलांचा मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. ते पहाटे अंधारात फडात जातात, ही कोपीवर (तिथल्या झोपडीत) धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, भाकरी करते. जवळची शाळा तीन किलोमीटरवर. जुलैमध्ये ती गावच्या शाळेत जवळपास रोज हजर होती, जानेवारीत एकही दिवस नाही. दोन-तीन वर्षं असं चाललं की शाळा सुटते, आणि मग घरात लग्नाची बोलणी सुरू होतात, कारण लग्न झालं की नवा कोयता तयार होतो.

एवढं वाचून कुणालाही कळतं की पैसे कशासाठी हवेत. मग आकडे द्या, पण तुमच्याच गावांतले. मुख्याध्यापकांकडून हजेरीपट घ्या आणि इयत्तावार जुलै आणि जानेवारीची हजेरी शेजारी-शेजारी मांडा. त्यासारखा पुरावा दुसरा नाही, आणि वर्षाअखेरी काय बदललं हेही त्याच तक्त्यात दाखवता येतं.

सरकार काय करतं, हा प्रश्न येणारच. हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. तुमच्या गावात यातलं काय पोचलं आणि कुठे अपुरं पडलं, ते लिहा. सरकार काहीच करत नाही असं लिहिलेलं प्रपोजल अनुभवी फंडर बाजूला ठेवतो.

बजेट

हिशेब मुलापासून सुरू करा. उदाहरणादाखल, ४० मुलं, १८० दिवस, जेवणाचे दिवसाला ७० रुपये धरले तर ५,०४,००० रुपये होतात. त्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईंचं मानधन, संध्याकाळच्या अभ्यासाला ताई किंवा दादा, औषधं, आणि मुलांना आई-वडिलांशी बोलता यावं म्हणून फोनचा खर्च. हा शेवटचा खर्च खोडू नका. रविवारी फोन लागला नाही की लहान मुलं रात्री जेवत नाहीत, आणि आईसुद्धा तिकडून निरोप पाठवते की पोराला गाडीत बसवून द्या.

काही मुलं वसतिगृहापेक्षा आजीकडे जास्त बरी राहतात. तिथे आजीला किराणा आणि दवाखान्याची मदत दिली तर खर्चही कमी येतो आणि मूल आपल्या घरात राहतं. आम्हाला हीच वाट जास्त पटते, आणि परदेशी फंडरनाही संस्थेपेक्षा घर बरं हे पटवून द्यावं लागत नाही.

रुपये आणि पौंड दोन्ही रकमा द्या. विनिमय दर कुठल्या तारखेचा धरला ते लिहा, दर पडला तर काय कमी कराल तेही. लाखाचा स्वल्पविराम तिकडच्या माणसाला कळत नाही, त्यामुळे इंग्रजी प्रतीत तो हजारांच्या हिशेबाने द्या. हिशेबनीस आणि ऑडिटचा खर्च लपवू नका, २० टक्क्यांच्या आत ठेवून उघड मागा.

मुलांची सुरक्षा

२०१८ मध्ये ऑक्सफॅमच्या हैतीतल्या कर्मचाऱ्यांचं प्रकरण उघडकीला आलं आणि ब्रिटनमधले फंडर याबाबतीत फार कडक झाले. बालसंरक्षण धोरण मागतील. नेटवरून उतरवलेलं देऊ नका, त्यांचा पहिलाच प्रश्न त्यात तुम्हाला पकडतो: "मुलाला तक्रार करायची असेल तर ते कुणाकडे जातं?" तुमच्या उत्तरात खरी व्यक्ती हवी, शक्यतो बाई, आणि ती संस्थेच्या प्रमुखाच्या घरची नको. १०९८ हा मुलांच्या मदतीचा (चाइल्डलाइन) क्रमांक मुलांच्या उंचीवर भिंतीवर लिहिलेला हवा. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही न कळवणं हा पोक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, गुन्हा आहे, हे स्वयंपाकघरातल्या बाईंपासून सगळ्यांना माहीत हवं. मुलं रात्री मुक्कामाला असतील तर कोणती नोंदणी लागते, ते जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

फोटोबद्दल माझं मत ठाम आहे. रडणाऱ्या, फाटक्या कपड्यांतल्या मुलाचा फोटो पाठवू नका, मागितला तरी नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतं. कायदा नसता तरी मी पाठवला नसता. ती मुलगी उद्या कॉलेजला जाईल आणि तो फोटो नेटवर असेल. नाव बदला, गाव लिहू नका, चेहरा दिसणार नाही असा वर्गातला फोटो द्या.

पाठवल्यानंतर

नकार आला तर दोन ओळींचं आभाराचं पत्र लिहा आणि कारण विचारा. काही जण उत्तर देतात, आणि पुढच्या वर्षी ते तुम्हाला ओळखतात. पैसे मिळाले तर गृह मंत्रालयाचं एफसी-४ विवरणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरच्या आत भरायचं. ज्या वर्षी काहीच आलं नाही त्या वर्षीही भरायचं. फंडरला अहवाल पाठवताना किती मुलं हंगामाच्या मध्येच आई-वडिलांकडे गेली तेही लिहा, कारणासकट. पुढच्या बजेटमध्ये त्या कारणासाठी पैसे मागायचा आधार तोच असतो.