पत्रे चढवायच्या आधी

कोकणात पडवीचे पत्रे पावसाआधी बदलायचे असतील तर आधी दोरी आणा. नायलॉनची, जाड, निदान ३० मीटर. बाकीचं मग वाचा. गेल्या मे महिन्यात माझ्याकडे स्क्रू होते, वॉशर होते, दोन शिड्या होत्या, मिस्त्रीसुद्धा वेळेवर आला होता. दोरी तेवढी नव्हती. चार पत्रे वर नुसते टाकून आम्ही जेवायला उतरलो आणि त्यातला एक शेजाऱ्यांच्या कलमात जाऊन अडकला. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगडातल्या घरांवरची छपरं नेली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. माझ्या पत्र्याला वादळ लागलं नाही, वळवाची एक वावटळ पुरली.

दिवस ठरवताना हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज बघा. 'मेघगर्जनेसह सोसाट्याचा वारा' असं दिसलं की मिस्त्रीला परवा ये म्हणावं. कुरकुरेल, कुरकुरू दे. मोबाइलवर वाऱ्याचा जो आकडा दिसतो तो बहुधा सरासरी असतो, झोत त्याच्यापेक्षा जोरात येतो. शिवाय वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. दहा फुटी पत्रा साधारण ३ चौरस मीटरचा. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याला तो आडवा धरलात तर १८ किलोचा रेटा बसतो, ७२ च्या वाऱ्यात ७० किलोच्या वर. शिडीवर उभं राहून पेलून बघा म्हणजे कळेल. नको, बघू नका.

काम उजाडताच सुरू करा, अकराला खाली. दुपारी खारा वारा चढतो, आणि वळीव येतो पाठीमागून, सह्याद्रीकडून. आपलं तोंड समुद्राकडे, ढग दिसणार कसा? एकाला खाली नुसतं पूर्वेकडे बघायला बसवा. गार झुळूक आली, पाचोळा गोल फिरायला लागला की थेंबांची वाट बघायची नाही. आणि उतरण्यापूर्वी? दोरी. खरं तर एका वेळी एकच पत्रा वर न्यावा, चारही कोपरे स्क्रूने आवळल्याशिवाय दुसरा मागवू नये. दोनच कोपरे आवळलेला पत्रा सर्वांत वाईट, वारा पडवीतून खाली शिरतो आणि त्याला उचलतो. मिस्त्री म्हणेल, "वारा कुठाय?" बांधा तरी. चहाला उतरताना बांधा, विडीला उतरताना बांधा.

गडगडाट ऐकू आला की सगळे घरात, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वर जायचं नाही. मोबाइलवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवा.

शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर, वरून बांधलेली. सेफ्टी बेल्टचा हूक लोखंडी ट्यूबला. सकाळी दव असेल तर पुसून घ्या. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, फुटतो. हातमोजे, पाणी वगैरे.

उरलेले पत्रे संध्याकाळी अंगणात आडवे, वर चार चिरे. चिऱ्यांवरून दोरी.