घरी ‘कठीण’ बार वर्कआउट निवडताय? या चुका टाळा

व्हिडिओच्या नावात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. एकाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये पाऊण तास घालवूनही अंग गरम होत नाही, तर दुसऱ्याच्या ‘सगळ्यांसाठी’मध्ये बाराव्या मिनिटाला मांड्या अशा लटपटतात की हातातली खुर्ची सोडवत नाही. मी ट्रेनर नाही. पण बरीच वर्षं घरीच एका खुर्चीला धरून बार, म्हणजे बॅलेतल्या दांडीच्या सरावावरून आलेला व्यायाम, करते आहे आणि चुकीचा व्हिडिओ निवडण्याचे जवळपास सगळे प्रकार करून झालेत. “आता सोपं वाटतंय, काहीतरी कठीण सुचव” असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, सोपं वाटतंय ते नक्की करतेस कसं? बहुतेक वेळा गोम तिथेच असते.

बार सुरू कुठून झालं ते माहीत असलं की हे पटकन कळतं. लॉटे बर्क ही जर्मनीत जन्मलेली नर्तकी. पाठीच्या दुखापतीनंतर तिने बॅलेतला दांडीला धरून करायचा सराव आणि दुखापतीतून सावरण्याचे व्यायाम यांची सांगड घातली आणि १९५९ मध्ये लंडनमधल्या एका तळघरात वर्ग सुरू केले. पुढे १९७१ मध्ये तिची विद्यार्थिनी लिडिया बाखने ही पद्धत न्यूयॉर्कला नेली. म्हणजे मुळापासूनच यात उड्या नाहीत, धावपळ नाही. कस लागतो तो एका जागी, नेमक्या स्थितीत, इंचभर हालचाल करत टिकून राहण्यात. स्थिती ढिली झाली की जगातला सगळ्यात कठीण व्हिडिओही सोपा होतो.

नाव, वेळ आणि घाम बघून निवडणं

साठ मिनिटांचा व्हिडिओ वीस मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा कठीण असेलच असं नाही. लांब व्हिडिओत विश्रांती, बोलणं आणि स्ट्रेचिंग पसरलेलं असतं. स्क्रीनवर पळणारे कॅलरीचे आकडे तर विसराच. समोरच्याचं वजन, वय, ताकद माहीत नसताना तो आकडा कुणाचा आहे, हेच कळत नाही.

त्यापेक्षा करण्याआधी व्हिडिओ पाच मिनिटं पुढेमागे सरकवून बघा. मी सगळ्यात आधी मांड्यांचा भाग शोधते आणि घड्याळ लावते. प्लिए म्हणजे गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून खाली बसल्यासारखं जाणं. एखाद्या व्हिडिओत पाय लांब ठेवून आठ पूर्ण प्लिए, मग टाचा उचलून आठ, मग तळाशी राहून बत्तीस पल्स (इंचभर वर-खाली हालचाली), मग वीस सेकंद तसंच थांबणं, असं सगळं पाय न झटकता सलग चालतं. दुसऱ्या व्हिडिओत हेच सगळं असतं, पण दर आठानंतर सरळ उभं राहायचं. कागदावर दोन्ही सारखेच. प्रत्यक्षात पहिल्यात मांडीला दोनेक मिनिटं सुटका नाही, दुसऱ्यात दर वीस सेकंदांनी आहे. बारमधला कठीणपणा बराचसा या न मिळणाऱ्या विश्रांतीत असतो.

मग बघायचं ते हे, की शिकवणारी कुठे जाणवायला हवं ते सांगते का. “उभ्या पायाच्या नितंबात जाणवेल, कंबरेत नाही” असं एक वाक्य “चला, अजून थोडं, जमेल!” अशा दहा वाक्यांहून मोलाचं. दोन्ही बाजूंना सारखा वेळ मिळतो का, हेही मोजा. उजव्या पायाला पाच मिनिटं आणि घाईघाईत डाव्याला तीन, असे व्हिडिओ मी डोळ्यांनी पाहिलेत. सुरुवातीला चार-पाच मिनिटांचा वॉर्म-अप नसेल, तर बाकी कितीही छान असो, पुढे चला.

पल्सच्या नावाखाली उसळ्या मारणं

ही माझी स्वतःची लाडकी चूक. मांड्या पेटल्या की शरीर हुशारी करतं. पल्स चालू राहतात, पण दर चार पल्सला आपण अर्धा इंच वर सरकतो. मिनिटभरात आपण जवळजवळ उभे असतो आणि वर म्हणतो, “हे तर जमलं की!”

यावर उपाय म्हणून मी भिंतीवर एक रंगीत चिकटपट्टी लावली आहे. आरशासमोर उभं राहून तळाची स्थिती घेतली, डोकं कुठवर येतं ते पाहिलं आणि मागच्या भिंतीवर त्याच उंचीला पट्टी चिकटवली. पल्स करताना आरशात डोकं त्या रेषेच्या वर दिसता कामा नये. पहिल्या दिवशी ओळखीचा, ‘सोपा’ वाटणारा वीस मिनिटांचा व्हिडिओ नवव्या मिनिटाला थांबवावा लागला. तोच व्हिडिओ मी दोन महिने करत होते.

पल्स वर-खाली सारखीच छोटी आणि आवरलेली हवी. खाली आपटून वर उसळायचं नाही. लय पकडता येत नसेल तर दोन मोजांना एक पल्स करा. मंद केलं की ते अवघड होतं, सोपं नाही.

पाय घोट्यातून आणि गुडघ्यातून फिरवणं

टाचा जुळवून पंजे बाहेर, ही पहिली स्थिती. शिकवणारीचे पंजे जवळजवळ एका रेषेत दिसतात आणि आपणही तसेच करायला जातो. तिने कदाचित लहानपणापासून नाच केलेला असतो, तुमचे खुबे वेगळे आहेत. पाय बाहेर फिरतो तो खुब्याच्या सांध्यातून. तिथे जेवढी जागा नाही तेवढी आपण गुडघा आणि घोटा पिळून काढतो, मग दुसऱ्या दिवशी गुडघ्याची आतली बाजू ठणकते.

आपली खरी मर्यादा शोधायला अर्धं मिनिट लागतं. पावलं समांतर, टाचा जुळलेल्या, पाय सरळ. नितंब आवळा आणि टाचांवर फिरत पंजे बाहेर उघडा. जिथे आपोआप थांबतात, ती तुमची पहिली स्थिती. बहुतेकांची ती अरुंद ‘व्ही’सारखी असते, आणि तेवढी पुरते. वाकताना गुडघा पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या दिशेने जायला हवा. आत पडत असेल तर पंजे थोडे आत घ्या किंवा कमी खाली जा.

टाचा उचलण्यालाही हेच लागू. बॅलेत त्याला रेलेव्हे म्हणतात. वजन चवड्यावर, अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटामागे हवं. ते करंगळीकडे कललं की घोटा बाहेर पडतो आणि लचक भरायची वेळ येते. दोन्ही टाचांमध्ये एक छोटा मऊ चेंडू धरून रेलेव्हे करून बघा. चेंडू निसटला की समजायचं, कलणं सुरू झालं.

‘टक’ म्हटलं की कंबर गुंडाळणं

जुन्या धाटणीच्या बारमध्ये शेपटी पायांत घातल्यासारखी ओटीपोटाची पुढची बाजू वर उचलायला सांगतात. त्याला ‘टक’ म्हणतात. एखाद्या व्यायामात थोडा वेळ ठीक. पण पूर्ण वेळ तसंच राहिलं, तर कंबरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो, आणि ज्यांची कंबर आधीच कुरकुरते त्यांना ते नक्की कळतं. शक्यतो ज्यात पाठीचा नैसर्गिक बाक राखायला सांगतात असे व्हिडिओ निवडा.

उलटी चूक पाय मागे उचलताना होते. पाय उंच दिसावा म्हणून कंबर आत घातली जाते. पाय चार बोटं खाली आणा, उभा गुडघा किंचित वाकवा, छाती थोडी पुढे कलू द्या, बरगड्या आत. आता तोच पाय उचलून बघा. उंची निम्मी होईल आणि नितंब दुप्पट बोलेल. कठीण व्हिडिओ हवा होता ना?

खुर्चीवर लोंबकळणं

हलकी खुर्ची, गुळगुळीत फरशी आणि पायात मोजे. तिन्ही एकत्र आले की काय होतं, ते मी एकदा हनुवटीवर मोठा निळा डाग मिरवत सगळ्यांना समजावून सांगितलंय. पाय मागे उचलून मी पुढे झुकले आणि खुर्ची निघाली प्रवासाला. तेव्हापासून खुर्ची भिंतीला टेकवलेली असते, बैठकीवर जाड पुस्तकांचा ढीग असतो आणि पाय अनवाणी. मोजे हवेच असतील तर तळाला रबराचे ठिपके असलेले घ्या. टॉवेलची दांडी किंवा दाराचा हँडल धरू नका, ते तुमच्या वजनासाठी लावलेले नसतात.

उंची साधारण कंबर ते खालच्या बरगड्यांच्या मध्ये असावी, म्हणजे खांदे खाली आणि कोपर सैल राहतं. आधार किती घेताय हे तपासायचं तर प्रत्येक व्यायामाच्या मध्येच दोन सेकंद हात उचलून बघा. शरीर एका बाजूला कोसळलं, तर तेवढं काम खुर्ची करत होती. “बोटांची टोकंच ठेवा” हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण अर्ध्या लोकांचा ‘सोपा’ व्हिडिओ एवढ्यानेच कठीण होईल.

डंबेल वाढवत जाणं

बारमधले हाताचे व्यायाम अर्धा ते दीड किलोचे असतात, कारण हात बराच वेळ हवेत धरायचे असतात. तिथे पाच किलो घेतले की खांदे कानाला भिडतात आणि मान आखडते. वजन पेलायची ताकद हवी असेल तर तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवा, कमी आवर्तनं आणि जड वजन. बारने स्नायूंचा टिकाव, तोल आणि शरीराचं भान सुधारतं. जड वजन उचलण्याची जागा ते घेत नाही. आणि ‘लांब, सडपातळ स्नायू’ बनवायचं आश्वासन देणाऱ्या व्हिडिओंबद्दल एवढंच, की स्नायूची लांबी तो हाडाला कुठे जोडलाय यावर ठरते. बत्तीस पल्सनी ती जोडणी सरकत नाही.

सगळं एकदम वाढवणं, आणि रोज

नवा व्हिडिओ, जास्त वेळ, रबर बँड आणि आठवड्यात सहा दिवस, सगळं एकाच सोमवारी. चौथ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो आणि पाचव्या दिवशी बार बंद. एका वेळी एकच गोष्ट बदला. माझा क्रम असा: आधी खाली वाकण्याची ठरलेली खोली टिकवायची, मग टाचा उचलायच्या, मग हात सोडायचे, मग मंद गती, आणि शेवटी गुडघ्यांच्या वर बँड किंवा मांड्यांत चेंडू. प्रत्येक पायरी निदान चार-पाच वेळा करावी. कडक व्हिडिओनंतर दुखणं एक ते तीन दिवस राहू शकतं, म्हणून मांड्यांचे दोन जबर दिवस पाठोपाठ ठेवत नाही.

आता नेहमीच्या कटकटी

मांड्या थरथरतात ते चांगलं की वाईट? थकलेल्या स्नायूचे तंतू एका तालात काम करेनासे होतात, म्हणून थरथर होते. घाबरायचं कारण नाही. गुडघा डावीकडे-उजवीकडे डुगडुगत असेल तर मात्र थांबा, पाय झटका, पुन्हा सुरू करा. थरथर कधीच होत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. चिकटपट्टीची रेषा पाळताय ना, एवढं बघा.

पोटरीत गोळा आला तर टाच जमिनीला टेकवून पोटरी ताणा आणि उरलेला भाग टाचा खाली ठेवून करा. पाय पुढे उचलताना जांघेत आखडतं, तेव्हा पाय खाली आणा आणि मागे रेलणं बंद करा. खुब्यात ‘टक्’ असा आवाज येतो पण दुखत नाही, तर सहसा काळजी नसते. पाय थोडा खाली किंवा किंचित बाहेर नेल्यावर तो जातो का पाहा. आवाजासोबत दुखलं तर तो व्यायाम सोडून द्या. प्लँकमध्ये (हात आणि चवड्यांवर अंग सरळ धरताना) मनगट दुखतं त्यांनी कोपरांवर यावं.

स्नायूच्या मधोमध जळजळ चालेल. सांध्यात टोचणारी, एकाच बाजूची किंवा सुजेसह येणारी कळ चालणार नाही, तिथे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट. गरोदरपण, नुकतंच झालेलं बाळंतपण, गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा उच्च रक्तदाब असेल तर कठीण व्हिडिओला हात घालण्याआधी त्यांना विचारा. थांबलेल्या स्थितीत श्वास रोखण्याची सवय सगळ्यांनाच असते आणि त्याने रक्तदाब वाढतो. मोजताना मोठ्याने आकडे म्हटले की श्वास आपोआप सुटतो.

राहिली मानेची तक्रार. ती बहुतेक वेळा व्यायामाची नसतेच, जमिनीवर ठेवलेल्या मोबाइलकडे मान वाकडी करून बघण्याची असते. स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला ठेवा आणि बाजू बदलली की तिचीही जागा बदला. मी नवा व्हिडिओ दोनदा बघून करते, तिसऱ्या वेळी मोबाइल पालथा ठेवते आणि फक्त ऐकते. ज्याचं नुसतं ऐकून भागत नाही, तो व्हिडिओ यादीतून काढून टाकते.