इंदुरात बसून मराठी कादंबरी कशी लिहावी

"ताई, डोक्यात एक कादंबरी आहे, पण…" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, राजेंद्र नगरच्या भाजीवाल्यापाशी ऐकलंय आणि एकदा दाताच्या दवाखान्यात, नंबर यायची वाट बघताना ऐकलंय. 'पण'च्या पुढे बहुतेक दोन गोष्टी येतात. एक, वेळ मिळत नाही. दुसरी जरा आवाज खाली करून सांगतात: आपली मराठी काही पुण्याची नाही. माझ्या पहिल्या कादंबरीला साडेचार वर्षं लागली आणि त्यातली पहिली दोन या दुसऱ्या भीतीनंच खाल्ली. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितेय. मला ज्या क्रमानं पायऱ्या उपयोगी पडल्या, त्याच क्रमानं देते.

आधी माणूस धरा

'गिरणी कामगारांच्या जीवनावर कादंबरी' हा झाला विषय. विषयावर लेख होतो, भाषण होतं. कादंबरीला माणूस लागतो आणि त्या माणसाला काहीतरी हवं असावं लागतं.

आपल्या गावातलंच उदाहरण घेऊ. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा २२४ कोटींचा धनादेश दिला गेला २०२३ च्या डिसेंबरात. मधे ३२ वर्षं. इथपर्यंत बातमी झाली. आता त्या मिलमध्ये एक माणूस होता असं धरा. त्याला आपण अण्णा म्हणू. घर बांधताना अण्णानं धाकट्या बहिणीच्या पाटल्या मागून घेतल्या आणि सराफ्यात गहाण टाकल्या. पगारातून सोडवणार होता. मग मिलच बंद पडली. देणी हातात आली की पाटल्या परत करायच्या, एवढंच त्याला हवंय. बहीण कधी विचारत नाही. दर भाऊबीजेला मोकळ्या हातांनी ओवाळते. आता कादंबरी सुरू होऊ शकते.

एक कोरा कागद घ्या आणि चार ओळी लिहा: माणूस कोण, त्याला काय हवंय, आडवं काय येतंय आणि ते मिळालं नाही तर त्याचं काय जाईल. चौथी ओळ भरेपर्यंत पुढे जाऊ नका. मला त्या एका ओळीला तीन आठवडे लागले होते आणि तीन आठवडे घालवावेत अशीच ती ओळ आहे.

भाषा एकदाच ठरवा

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपल्याकडची अर्धी हस्तलिखितं इथेच मरतात.

आपण घरात कसं बोलतो? "आई काय करून राहिलीये?" "नळ येऊन राहिलेत, बादल्या लाव." हे कागदावर लिहिताना मात्र हात आखडतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी अशी प्रत्येक ओळ घासूनपुसून घेतली होती. त्यात रामबागेत जन्म काढलेल्या एक आजी होत्या आणि त्या आकाशवाणीच्या बातम्या दिल्यासारख्या बोलत होत्या. एका मैत्रिणीनं वीस पानं वाचली आणि विचारलं, "यांचं माहेर कुठलं गं, सदाशिव पेठेतलं का?" त्या रात्री मी आजींचं एक वाक्य बदललं. आधी होतं: "मी जात आहे, दाराला कडी लावून घ्या." नंतर झालं: "मी जाऊन राहिलीये, कुंडी लावून घ्या." पुण्याच्या वाचकाला कुंडी म्हटलं की झाड दिसेल. पहिल्यांदा तो अडखळेल, दुसऱ्यांदा समजून घेईल आणि तिसऱ्यांदा ती आजींची कुंडी झालेली असेल. वाचकाचा कान फार लवकर तयार होतो, त्याच्यावर भरवसा ठेवा.

मी स्वतःपुरती केलेली वाटणी सांगते. निवेदन साध्या, प्रमाण मराठीत. संवाद घरच्या मराठीत. जो माणूस हिंदीतच बोलेल, त्याचं बोलणं हिंदीतच, आणि त्याच्या मागून मराठी अर्थ द्यायचा नाही. ठेलेवाला "अरे भिया, कचोरी तो खतम" म्हणाला आणि अण्णा रिकाम्या हातानं वळला, तर अर्थ कळतो. मात्र कोण किती हिंदी मिसळतो हे प्रत्येक पात्रासाठी एका ओळीत लिहून भिंतीला लावा. आजींच्या बोलण्यात हिंदी शब्द येतात पण वाक्य मराठी वळणाचं राहतं, नातू मराठी वाक्याला शेवटी 'है ना' जोडतो, सून भांडताना पूर्ण हिंदीत जाते. हे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाळलं, की वाचक ती माणसं न बघता ओळखतो.

कादंबरी मराठीत लिहावी की हिंदीत, असंही पुष्कळजण विचारतात. मुक्तिबोधांच्या एकाच घरातले दोन भाऊ बघा. गजानन माधव मुक्तिबोधांनी इंदूरच्या होळकर कॉलेजातून पदवी घेतली आणि ते हिंदीतले मोठे कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत कविता लिहिली, कादंबऱ्या लिहिल्या. घर तेच, माळवा तोच. तेव्हा नियम काही नाही. तुमचा माणूस मनातल्या मनात ज्या भाषेत कुढतो, ती भाषा घ्या. आणि इथल्या मराठीबद्दल संकोच तर बाळगूच नका. अखिल भारतीय साहित्य संमेलन या गावात १९१७, १९३५ आणि २००१ असं तीनदा भरलंय. आपण मराठीच्या घरातलीच माणसं आहोत.

रोजचं माप

रोज ३०० शब्द. हातानं लिहीत असाल तर फुलस्केप वहीचं साधारण एक पान. आठवड्यातून सहा दिवस लिहिलंत तर ६०,००० शब्दांना २०० दिवस लागतात, म्हणजे जेमतेम आठ महिने, आणि तेवढ्यात मध्यम आकाराच्या कादंबरीचा खर्डा होतो. (माझी साडेचार वर्षं का झाली ते वर सांगितलंच.) वेळ ठरलेली असू द्या. मी सकाळी नळ येण्याआधी लिहायचे, कारण नळ आले की घर जागं होतं आणि माझ्या हातातला पेन जातो. तुमची वेळ मुलं शाळेत गेल्यावरची असेल, दुकान उघडण्याआधीची असेल. पाऊण तास पुरतो.

टायपिंग जमत नसेल तर मोबाइलच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, तो लिहून घेतो. चुका करतो, त्या नंतर सुधारता येतात. काल कुठे थांबलो हे शोधण्यात पाऊण तास जाऊ नये, म्हणून उठताना उद्याच्या पहिल्या वाक्याचे दोन-तीन शब्द पानाखाली लिहून ठेवा.

आणि प्रत ठेवा. माझा लॅपटॉप दुरुस्तीला दिला तेव्हा दुकानदारानं न विचारता सगळं पुसून टाकलं. सात प्रकरणं गेली. त्यातली पाच मी आठवून पुन्हा लिहिली, दोन कधीच परत आली नाहीत. तेव्हापासून दर रविवारी सगळं हस्तलिखित मी स्वतःलाच ईमेल करते. वहीत लिहिणाऱ्यांनी दर रविवारी पानांचे फोटो काढावेत.

वर्षांचा तक्ता

एका मोठ्या कागदावर डावीकडे वर्षं लिहा आणि वर पात्रांची नावं. अण्णा १९५५ चा. १९८४ मध्ये राजवाडा जळाला तेव्हा २९ वर्षांचा, मिल बंद पडली तेव्हा ३६, धनादेश आला तेव्हा ६८. बहीण पाच वर्षांनी लहान, म्हणजे पाटल्या परत घ्यायच्या वेळी ती ६३ ची आहे. ही वजाबाकी केली आणि मी स्वतःच थबकले. त्रेसष्टाव्या वर्षी, बोटांचे सांधे सुजलेले असताना, त्या पाटल्या तिच्या हातात चढतील का? असे प्रसंग तक्त्यातून मिळतात, म्हणून तो कंटाळा न करता बनवा.

तसाच घराचा नकाशा काढा. जिना कुठे, न्हाणीघर कुठे, कुठल्या खिडकीतून गल्ली दिसते. नाहीतर पहिल्या प्रकरणात डावीकडे असलेलं न्हाणीघर अकराव्यात उजवीकडे जातं.

माहिती गोळा करायला माणसांकडे जा. जुन्या कामगाराला "तेव्हाचं जीवन कसं होतं हो काका?" असं विचारलंत तर तो "फार चांगलं होतं" म्हणेल आणि चहा मागवेल. "पगाराच्या दिवशी घरी जाताना काय घेऊन जायचात?" असं विचारा. एका काकांनी मला तासभर फक्त शेवेबद्दल सांगितलं: कुठल्या दुकानाची, किती तिखट, पुडी सायकलच्या हँडलला कशी बांधायची आणि महिनाअखेर ती पुडी कशी लहान होत जायची. त्यातून मला दोन पानं मिळाली आणि एक पात्र मिळालं. एका भेटीत दोनच प्रश्न विचारा आणि पुन्हा जा.

ऐंशी पानांनंतर

इथे सगळे थांबतात. मीही थांबले होते. सुरुवातीचा उत्साह संपलेला असतो, शेवट दिसत नसतो, लिहिलेलं सगळं फिकं वाटतं आणि पहिलं प्रकरण पुन्हा लिहावं अशी जबरदस्त हुक्की येते. ती येऊ द्या आणि जाऊ द्या. पहिल्या प्रकरणाला हात लावू नका, कारण एकदा मागे गेलेला माणूस सहसा मागेच राहतो. मला मनापासून सांगायचंय की हे फिकं वाटणं म्हणजे कादंबरी वाईट असल्याचा पुरावा नाही. इतके दिवस तुम्ही तिच्या फार जवळ बसला आहात, एवढंच त्यावरून कळतं.

अशा वेळी क्रम सोडा आणि जो प्रसंग लिहायला हात शिवशिवतायत तो आधी लिहा. मधली जागा रिकामी ठेवून तिथे मोठी फुली मारा. अण्णाच्या गोष्टीत असा प्रसंग म्हणजे अनंत चतुर्दशीची रात्र. मिल बंद पडल्या तरी मिरवणुकीत त्यांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले फिरते देखावे, निघत राहिल्या, हे तुम्हाला माहीतच आहे. मी एकदा असं लिहिलं होतं:

"मिल बंद पडल्यानंतरची ती पहिली अनंत चतुर्दशी होती. आपल्या मिलची झांकी पाहून अण्णाला फार वाईट वाटले."

यात चूक काही नाही, पण वाचकाला काही दिसतही नाही. दुसऱ्यांदा असं लिहिलं:

"कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ अण्णा रात्रभर उभा होता. मुलगी खांद्यावर झोपून गेली होती. त्यांच्या मिलची झांकी समोर आली तेव्हा सगळे वर दिव्यांकडे बघत होते. अण्णा खाली वाकला. मागच्या वर्षी त्यानं बसवलेला बोल्ट तसाच होता. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, 'कशी होती?' तो म्हणाला, 'हनुमान मस्त झालाय यंदा.'"

'वाईट वाटले' हे दोन शब्द काढले आणि त्यांच्या जागी एक बोल्ट आला. अडकलात की हेच करा: आपल्या माणसाचे डोळे या क्षणी नेमके कशावर आहेत ते बघा आणि तेवढंच लिहा.

खर्डा झाल्यावर

महिनाभर कपाटात ठेवा. मग बाहेर काढून मोठ्यानं वाचा, दार लावून, सगळी कादंबरी. जीभ अडखळते तिथे पेन्सिलीची खूण करा. स्वतःचाच आवाज ऐकून कंटाळा येतो ती पानं बहुतेक कापायची असतात. पहिलं प्रकरण तर पुष्कळदा अख्खं जातं, कारण ते आपण स्वतःला गोष्ट समजावी म्हणून लिहिलेलं असतं.

मग दोघांना वाचायला द्या, जास्त नको. एक इथला, माळव्यातला. दुसरा महाराष्ट्रातला, ज्यानं इंदूर पाहिलेलं नाही. "कशी वाटली?" असं विचारू नका, दोघंही "छान" म्हणतील. "वाचताना पुस्तक कुठे खाली ठेवलंत?" असं विचारा आणि ते पान लिहून घ्या. दोघांनी एकच जागा सांगितली तर तिथे काम आहे.

प्रकाशकाकडे

हस्तलिखित युनिकोडमध्ये असू द्या. एक पानाचं पत्र, दोन पानांत कथानक आणि पहिली तीन प्रकरणं पाठवा, पूर्ण कादंबरी मागितल्यावर द्या. प्रकाशकानं छपाईसाठी पैसे मागितले तर किती प्रती, विक्री कोण करणार आणि हिशेब कधी मिळणार हे लेखी घ्या. करारात तुम्ही एका आवृत्तीचा हक्क देताय की सगळा स्वामित्वहक्कच देऊन टाकताय, ते ओळीवर बोट ठेवून वाचा. स्वामित्वहक्क लिहिताक्षणीच तुमचा असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्या कायद्यानं तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. घाईत सही करून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

शेवटी मुद्रितं येतील. मुद्रितशोधक भला माणूस असतो आणि त्याचं काम चुका काढण्याचं असतं. माझ्या मुद्रितात त्यानं आजींचं प्रत्येक 'राहिलीये' 'आहे' करून ठेवलं होतं आणि सगळ्या कुंड्यांच्या कड्या केल्या होत्या. १४० ठिकाणी मला हातानं परत बदल करावे लागले. तुम्ही हस्तलिखित देतानाच सगळ्यात वर एक वेगळं पान लावा: 'खालील शब्द आणि वाक्यरचना मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत, कृपया बदलू नयेत.' आणि त्याखाली यादी द्या. माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या त्या पानावर ६१ शब्द होते, आणि पहिला शब्द होता कुंडी.