‘जेएमएस सपोर्ट’ लिहिलंय? मग आधी तारेवर काय जातं ते विचारा

वागळे इस्टेटमधला कारखाना पायथनमधून यंत्रांची रीडिंग पाठवणार आणि महापेच्या ऑफिसातलं जावा ॲप्लिकेशन ती वाचणार, असं धरा. मेसेज ब्रोकरच्या (प्रोग्रॅममधले निरोप इकडून तिकडे पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कोटेशनवर नुसतं ‘जेएमएस सपोर्ट’ असेल, तर सही करायची घाई नको.

जेएमएस (जावा मेसेज सर्व्हिस) हा जावाचा एपीआय, म्हणजे निरोप पाठवण्या-घेण्यासाठी कोडने वापरायच्या मेथडची ठरलेली यादी. कोडमध्ये कोणती मेथड कॉल करायची ते तो सांगतो. नेटवर्कवर कोणते बाइट जातील याबद्दल चकार शब्द काढत नाही. ते ज्या त्या ब्रोकरची जार (जावा लायब्ररीची फाइल) ठरवते. म्हणून एका ब्रोकरची जार दुसऱ्याला लावली की कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि कनेक्ट होताना आपटतो. एएमक्यूपी हा प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कवर बोलायचे नियम. त्याचं उलटं: बाइट ठरलेले, एपीआय मोकळा.

तेव्हा प्रोटोकॉल विचारा आणि आवृत्तीवर अडून बसा. एएमक्यूपी ०-९-१ आणि १.० (ओएसिस मानक, २०१२) नावापुरती भावंडं. एकमेकांची भाषा त्यांना कळत नाही. पायथनची पिका लायब्ररी ०-९-१ बोलते, जावाची अपाचे क्यूपिड जेएमएस लायब्ररी १.० बोलते. दोन्हींचा पोर्ट ५६७२च, त्यामुळे पोर्ट उघडा दिसतो आणि तरी गाडी अडते. रॅबिटएमक्यू हा ब्रोकर दोन्ही सांभाळतो, पण ४.० च्या आधीच्या आवृत्तीत १.० साठी प्लगइन आठवणीने सुरू करावं लागतं.

शंका असेल तर वायरशार्क (नेटवर्कवरचे बाइट दाखवणारं साधन) लावा. क्लायंटचे पहिले आठ बाइट बघा: आधी प्रोटोकॉलच्या नावाची चार अक्षरं, मग चार आकडे. ०, ०, ९, १ दिसले तर ०-९-१. ०, १, ०, ० किंवा लॉगिनसाठी ३, १, ०, ० दिसले तर १.०. सर्व्हरला ते पटलं नाही, तर तो स्वतःचं हेडर पाठवून कनेक्शन तोडतो. ही तपासणी आतल्या नेटवर्कवर, टीएलएस एन्क्रिप्शनशिवाय करा. टीएलएसच्या ५६७१ पोर्टवर सगळं झाकलेलं असतं.

कनेक्शन जुळलं तरी मजकुराची गोम उरतेच. जेएमएसचा ऑब्जेक्टमेसेज हा प्रकार वापरू नका. त्यात जावाचं सीरियलायझेशन (ऑब्जेक्टचे बाइट करायची जावाची स्वतःची पद्धत) असतं, पायथनला त्यातलं काही उलगडत नाही. यूटीएफ-८ मधलं जेसन पाठवा. पिकाने कंटेंट टाइप (मजकूर कोणत्या प्रकारचा ते सांगणारं लेबल) दिला नाही, तर तेच जेसन जावाकडे टेक्स्टमेसेजऐवजी बाइट्समेसेज होऊन येऊ शकतं. लिसनरमध्ये (मेसेज घेणाऱ्या कोडमध्ये) तो टेक्स्टमेसेजच आहे असं डोळे मिटून धरून कास्ट केलं असेल, तर तिथेच क्लासकास्टएक्सेप्शनची एरर. आधी प्रकार तपासा, बाइट असतील तर यूटीएफ-८ ने उलगडा, आणि पाठवतानाच कंटेंट टाइप भरा.