६५ वॉटच्या लॅपटॉपला ९० वॉटचा अडॅप्टर लावताना

लॅपटॉप दुरुस्तीला येतात तेव्हा मला हमखास एक प्रश्न विचारला जातो: "जास्त वॉटचा अडॅप्टर लावला तर मशीन जळेल का?" वॉट जास्त आहेत म्हणून लॅपटॉप जळत नाही. जळतो तो चुकीच्या व्होल्टने. म्हणून दुसरा अडॅप्टर हातात घेतलात की वॉट नंतर बघा, आधी व्होल्ट बघा.

अडॅप्टर उलटा करून लेबल उजेडात धरा. इनपुटच्या ओळीत १००-२४० व्होल्ट असं काहीतरी असेल. ते भिंतीतल्या विजेचं, सोडून द्या. आपल्या कामाची ओळ आउटपुटची. समजा जुन्यावर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर लिहिलंय. गुणाकार करा, साधारण ६५ येतात, हेच वॉट. नव्यावर १९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअर असेल तर तो ९० वॉटचा. व्होल्ट तेच, फक्त अँपिअर वाढले. अँपिअरचा आकडा ही अडॅप्टरची कमाल कुवत असते. लॅपटॉप त्यातून गरजेपुरतंच ओढतो, अडॅप्टर काही जबरदस्तीने आत ढकलत नाही. उलट मोठ्या अडॅप्टरवर ताण कमी पडतो आणि तो कमी तापतो.

१९ आणि १९.५ यांतला अर्ध्या व्होल्टचा फरक सहसा चालून जातो. पण प्रिंटरचा किंवा मॉनिटरचा अडॅप्टर, पिन बसते म्हणून लॅपटॉपला लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. पिन तशीच दिसते आणि व्होल्ट १२ किंवा २४ असू शकतात. १२ वर लॅपटॉप बहुधा दाद देणार नाही. २४ वर मदरबोर्ड जाऊ शकतो.

गोल पिन असेल तर लेबलवरचं चिन्हही तपासा: बहुतेकदा मधल्या ठिपक्याला अधिक आणि बाहेरच्या कडीला उणे जोडलेलं असतं. दोन्ही अडॅप्टरवर ते सारखं हवं. पिनची जाडीही तीच हवी. ५.५ मिलिमीटरच्या पिनमध्ये आतलं भोक कधी २.५ चं, कधी १.७ चं असतं. ढिली बसली की ठिणगी पडते आणि जॅक काळा पडतो.

डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉप अडॅप्टरची ओळख पटवतो. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालू होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालवला जातो. व्होल्ट बरोबर असूनही असं झालं तर आधी ही सुई वाकलीय का ते बघा.

टाइप-सी असेल तर काम सोपं. पॉवर डिलिव्हरीचा चार्जर आणि लॅपटॉप आपसात बोलून ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरवतात, त्यामुळे ६५ च्या जागी १०० वॉटचा बिनधास्त लावा. इथे गडबड करते ती केबल. साधी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉटपर्यंतच. त्यापुढे ५ अँपिअरची घ्यावी लागते. शिवाय एकाच चार्जरला फोनही लावलात तर वॉट वाटले जातात.

बॅटरी दुप्पट वेगाने भरेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. वेग लॅपटॉपचं चार्जिंग सर्किट ठरवतं. कंपनीने ४५ वॉटचा अडॅप्टर दिलाय आणि लॅपटॉप ६५ घेऊ शकतो, अशा मशीनवरच फरक जाणवतो.

नवा अडॅप्टर लावल्यावर पहिला अर्धा तास काहीतरी जड काम चालू ठेवा आणि पिनला हात लावून बघा. अडॅप्टर कोमट झाला तर ठीक. पण पिनच तापली तर लगेच काढा. तिथे पकड ढिली आहे, आणि मग वॉट कितीही असोत, ती जोडी वापरू नका.